गाठ एवढीशी, मग अर्धं यकृत का काढतात?

यकृताच्या तोंडाशी उजवी आणि डावी पित्तनलिका एकत्र येतात. तिथल्या कॅन्सरला क्लॅट्स्किन ट्यूमर म्हणतात, कारण जेराल्ड क्लॅट्स्किन यांनी १९६५ मध्ये असे १३ रुग्ण नोंदवले. गाठ बहुधा लहानच असते, पण ती नलिकेच्या भिंतीतून वर सरकते, आणि लगेच मागे पोर्टल व्हेनचा (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेचा) फाटा व उजवी यकृतधमनी असते. नुसती नलिका कापून भागत नाही ते यामुळे.

यकृताची खरी विभागणी वरून दिसत नाही. पित्ताशयापासून मागच्या महाशिरेपर्यंतची रेषा उजवं-डावं ठरवते, हे जेम्स कँटली यांनी १८९७ मध्ये मांडलं. हाँगकाँगमधल्या एका शवविच्छेदनात त्यांना उजवा भाग आक्रसलेला आणि डावा वाढलेला दिसला होता. पुढे क्लोद क्विनो यांनी १९५७ मध्ये यकृताचे आठ सेगमेंट, म्हणजे स्वतंत्र भाग, दाखवले. प्रत्येकाला स्वतःची धमनी, पोर्टल फांदी आणि पित्तनलिका.

पहिला सेगमेंट, म्हणजे कॉडेट लोब, फार काळ दुर्लक्षित राहिला. त्याच्या बारीक नलिका थेट संगमाजवळ उघडतात, म्हणून कॅन्सर तिथे सहज शिरतो आणि मागे ठेवला तर परत उद्भवतो. जपानमधल्या नागोयाच्या सर्जन निमुरा यांच्या गटाने तो काढण्याचा अनुभव १९९० मध्ये प्रसिद्ध केला. आज तो ऑपरेशनचा भागच आहे.

बिस्मथ-कॉर्लेट वर्गीकरण (१९७५) गाठ नलिकेत कुठवर गेली तेवढंच सांगतं. यकृताची कोणती बाजू काढायची हे निवडताना रक्तवाहिन्याही बघाव्या लागतात. उजवी धमनी बहुधा मुख्य नलिकेच्या मागून जाते, म्हणून गाठीच्या तावडीत सापडते. डावी कडेने निसटते. यकृताबाहेर डावी नलिका २ ते ५ सें.मी., उजवी जेमतेम १ सें.मी. त्यामुळे उजवं यकृत काढलं तर कापाची कड कॅन्सरमुक्त मिळण्याची शक्यता जास्त.

अडचण उरणाऱ्या भागाची. डावं यकृत साधारण एक तृतीयांश, आणि गाठीने पित्त अडून झालेल्या काविळीने थकलेल्या यकृताचा ३० ते ४० टक्के भाग तरी उरायला हवा. नाहीतर ऑपरेशननंतर यकृत निकामी होतं. राउस आणि लॅरिमोर यांनी १९२० मध्ये सशांवर दाखवलं होतं की पोर्टल फांदी बांधली की तो भाग आक्रसतो, दुसरा वाढतो. कँटलींना शवात दिसलं होतं तसंच. जपानी सर्जन माकुउची यांनी तेच रुग्णांसाठी वापरलं: उजवी पोर्टल फांदी आधी बंद करायची, काही आठवडे थांबायचं, सीटीवर आकारमान पुन्हा मोजायचं. १९९० मध्ये त्यांनी याच कॅन्सरच्या १४ रुग्णांचा अनुभव छापला.

सीटी स्टेंट (अडलेलं पित्त वाहतं करायला नलिकेत घालतात ती नळी) घालण्याआधीच करावा, हा आमचा आग्रह. स्टेंटनंतर नलिकेची भिंत सुजते आणि सूज कुठे संपते, गाठ कुठे सुरू होते, कळेनासं होतं. सीटीत धमन्या उजळतात तो आणि पोर्टल व्हेन उजळते तो, असे दोन्ही टप्पे, १ मि.मी.च्या आसपासच्या कापांत हवेत. शरीररचनातज्ज्ञ मिशेल्स यांच्या २०० शवविच्छेदनांत नेहमीची धमनीरचना ५५ टक्क्यांतच सापडली होती. डावी धमनी जठराच्या धमनीतून आली असेल तर ती गाठीपासून दूर राहते, हे चांगलंच. पण ती आधी टिपली नाही, तर जठर आणि यकृतामधला पडदा साफ करताना तुटते, आणि मग राखलेल्या यकृताचा धमनीपुरवठाच जातो. ऑपरेशनमध्ये उरलेली पित्तनलिका आतड्याला जोडतात, ती त्याच रक्तावर जगते, म्हणून तो जोडही गळू लागतो.