तटावरून फेकलेला हुक्का

मोगल काळातल्या वेढ्यांची वर्णनं वाचताना मध्येच ‘हुक्का’ भेटतो. बुरुजावरून खाली हुक्के फेकले, असं वाचलं की आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर गुडगुडी येते आणि हसू फुटतं. हा हुक्का म्हणजे ‘हुक्का-ए-आतिश’, बंदुकीची दारू भरून, पेटवून हाताने भिरकावायचं भांडं. अरबीत हुक्का म्हणजे डबी किंवा लहानसं गोल भांडं. गुडगुडीच्या भांड्यालाही तेच नाव मिळालं, पण तंबाखूच मुळात उशिरा आली. विजापूरहून परतलेल्या असद बेगने ती अकबराच्या दरबारात नेली, ते साल 1604च्या आसपासचं.

युरोपात याच वस्तूला भांड्याचं नव्हे, फळाचं नाव मिळालं. फ्रेंचमध्ये ग्रेनेड आणि स्पॅनिशमध्ये ग्रानादा म्हणजे डाळिंब. टणक साल, आत गच्च दाणे, मुठीत मावेल एवढा आकार. इंग्रजांनी सतराव्या शतकात त्याचं ‘ग्रॅनाडो’ केलं. ग्रानादा शहरावरून हे नाव पडलं असं बरेचदा सांगतात. ते विसरून जा.

मला या गोळ्यात सगळ्यात जास्त रस आहे तो त्याच्या सालीत. काळी दारू म्हणजे सोरा (जळताना ऑक्सिजन पुरवणारा क्षार), गंधक आणि कोळसा. उघड्यावर पेटवली तर ती भस्सकन जळते, धूर होतो, संपलं. तीच बंद जागेत पेटली की तयार होणारा वायू अडकतो, दाब चढतो. चढलेल्या दाबाने उरलेली दारू आणखी वेगाने जळते, म्हणजे वायू आणखी वेगाने तयार होतो. हे चक्र साल फुटेपर्यंत चालतं. दिवाळीतल्या सुतळी बॉम्बला सुतळीचे इतके वेढे असतात ते याचसाठी.

आता प्रश्न असा, की साल कधी फुटते? पोकळ गोळा मधोमध कापल्याची कल्पना करा. आतला दाब दोन अर्ध्या वाट्यांना एकमेकींपासून ढकलतो. ढकलणारं बल म्हणजे दाब गुणिले कापाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ. धरून ठेवते ती फक्त कडेची कडी, तिचं क्षेत्रफळ परीघ गुणिले जाडी. दोन्ही बाजू समान मांडल्या की फुटण्याचा दाब मिळतो: पदार्थाची ताण सोसण्याची ताकद गुणिले जाडीची दुप्पट, भागिले त्रिज्या. त्रिज्या 4 सेंटिमीटर, जाडी 8 मिलिमीटर धरू. भाजलेली माती ताणाला फार कच्ची, तिची ताकद साधारण 8 मेगापास्कल धरली तर मडकं हवेच्या दाबाच्या जेमतेम 30 पटींना फुटतं. ओतीव लोखंडाला 150 मेगापास्कल धरले तर तोच आकडा 600 पटींवर जातो.

गंमत पुढे आहे. गच्च भरलेल्या गोळ्यातली सगळी दारू आत जळू शकली असती तर दाब काही हजार पटींना गेला असता. म्हणजे मातीचं मडकं फुटतं त्या क्षणी दारूचा शंभरातला एखादाच भाग जळलेला असतो, लोखंडी गोळा फुटताना दहाव्या भागाहून थोडा जास्त. हिशेब ढोबळ आहे, पण फरक खरा आहे. मडक्यातली उरलेली दारू पेटत पेटत चहूकडे उधळते, म्हणजे ते मुख्यतः आगीचं हत्यार. लोखंडी गोळ्यात जास्त जोर साठतो आणि ठिसूळ ओतीव लोखंडाचे तुकडे होतात, म्हणजे ते तुकड्यांचं हत्यार.

म्हणूनच पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात दीवच्या वेढ्यांत वापरलेल्या ‘पानेला’, म्हणजे दारूच्या हंड्या, मातीच्या असूनही चालल्या. त्यांना तुकडे करायचेच नव्हते. शिडीवर चढणाऱ्याच्या अंगावर हंडी फुटली आणि दारू पेटली की काम झालं. चीनमधल्या जिन राज्याच्या सैन्याने मात्र तेराव्या शतकातच ओतीव लोखंडाचे गोळे वापरले होते. 1281 साली जपानवर चालून गेलेल्या मंगोल आरमाराचे मातीचे गोळे ताकाशिमा बेटाजवळ समुद्रतळाशी सापडले, त्यांतल्या काहींत लोखंडाचे तुकडे भरलेले होते. सालीचे तुकडे पुरेसे घातक होत नाहीत, तर ते आतच भरा!

इथे कुणीतरी हमखास म्हणणार, की आपल्याकडे अग्न्यस्त्र होतंच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आग लावणाऱ्या मिश्रणांच्या कृती आहेत, राळ आणि शेणासकट. पण त्यांत सोरा नाही. सोऱ्याशिवाय मिश्रण पेटतं, पण बंद भांड्यात त्याला ऑक्सिजन कोण पुरवणार? पेटणं आणि फुटणं यांच्यामध्ये एवढं एक रसायन उभं आहे. ते वगळून ग्रेनेडचा शोध आपल्या खात्यात जमा करणारे संदेश पुढे ढकलू नयेत, एवढीच विनंती.

युरोपात हे गोळे फेकायला उंच, दणकट शिपाई निवडले जाऊ लागले. फ्रान्समध्ये 1667 साली, इंग्लंडमध्ये 1678 साली. त्या वर्षी जॉन एव्हलिन या रोजनिशीकाराने लंडनजवळच्या छावणीत हे ‘ग्रेनेडियर’ पाहिले आणि त्यांच्या केसाळ, उंच टोप्यांमुळे ते उग्र दिसतात असं नोंदवलं. गोळा फेकायचा काळ सरला, नाव राहिलं. 1779 साली मुंबई इलाख्यात उभ्या राहिलेल्या पलटणीचा वारसा सांगणारी ‘द ग्रेनेडियर्स’ ही भारतीय लष्करातली रेजिमेंट आजही आहे आणि तिथला साधा शिपाईसुद्धा ‘ग्रेनेडियर’च म्हणवतो. टायगर हिलवर परमवीरचक्र मिळवणारे योगेंद्रसिंह यादव याच हुद्द्यावर होते.

त्या जुन्या ग्रेनेडियरची खरी कसोटी फेकण्यात नव्हती, वातीत होती. एका हातात पेटती जामगी, म्हणजे वात पेटवायची धुमसती दोरी, दुसऱ्यात गोळा. वात म्हणजे लाकडी नळी, तिच्यात ठासलेली दारू थरामागून थर सावकाश जळायची. ठासताना तडा राहिला तर ज्योत त्या फटीतून थेट आत धावायची आणि गोळा हातातच फुटायचा. वात लांब राहिली तर शत्रू तोच गोळा उचलून परत पाठवायचा. 1915 साली आलेल्या मिल्स बॉम्ब या ब्रिटिश हातगोळ्यात जामगी गेली, पिन आणि खटका आला, आतला स्फोटकही बदलला. पण खटका सुटल्यापासून फुटेपर्यंतचा काळ मोजायला त्यात जी वात होती, तिच्यात काळी दारूच जळत होती. सुरुवातीला हा काळ सात सेकंदांचा होता, पुढे तो चारवर आणला.