कापलेला व्हेगस: मेंदू आणि पचनसंस्थेच्या संबंधाची पार्श्वभूमी

मेंदू आणि आतडी यांच्यातल्या संबंधावर सध्या जे संशोधन गाजते आहे, त्यातला माणसांवरचा काही पुरावा मोडीत निघालेल्या एका शस्त्रक्रियेतून आलेला आहे. अल्सरवर उपाय म्हणून तीस-पस्तीस वर्षे सर्जन मंडळी मेंदूकडून जठराकडे येणारा व्हेगस हा मज्जातंतूच कापत होती. त्यावरून कडाक्याचे वाद झाले. वाद वरवर शस्त्रक्रियेचा होता, पण पोटावर मेंदूचे नेमके किती चालते हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. १८२२ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या एका तरुण कामगाराला बंदुकीची गोळी लागली आणि पोटाला पडलेले भोक कायमचे उघडे राहिले. त्यातून वर्षानुवर्षे जठर न्याहाळणाऱ्या लष्करी डॉक्टरला, माणूस संतापला की जठराचे अस्तर आणि पाचकरस बदलतात, हे दिसले. पुढे १८५० आणि १८६० च्या दशकांत आतड्याच्या भिंतीत चेतापेशींची दोन जाळी सापडली: एक अस्तराखाली, दुसरे स्नायूंच्या दोन थरांमध्ये. ती तिथे कशासाठी आहेत, हे बराच काळ कोणालाच नीट सांगता आले नाही.

खरा पेच १८९७ ते १९०२ या पाच वर्षांत उभा राहिला. रशियातल्या प्रयोगशाळेत कुत्र्यांची अन्ननलिका अशी वळवली होती की खाल्लेला घास गळ्यातूनच बाहेर पडे, जठरात पोचतच नसे. तरी काही मिनिटांत जठरातून रस वाहू लागे. दोन्ही बाजूंचे व्हेगस तोडले की हा रस बंद. निष्कर्ष सरळ दिसत होता: हुकूम वरून येतो. पण १८९९ मध्ये लंडनमधल्या दोन शास्त्रज्ञांच्या प्रयोगांत, बाहेरून येणारे सगळे मज्जातंतू तोडूनही आतड्याची लाट चालूच राहते, घासाच्या मागचा भाग आवळतो आणि पुढचा सैल पडतो, हे दाखवले गेले. त्याच जोडीने जानेवारी १९०२ मध्ये मज्जातंतू तोडलेल्या आतड्याच्या तुकड्यात आम्ल सोडले, तर स्वादुपिंडाने रस सोडला. निरोप रक्तातून गेला होता. संप्रेरकांचे शास्त्र इथून सुरू झाले. रशियन प्रयोगांच्या कर्त्याला १९०४ चे नोबेल मिळाले, पण तोवर त्याच्या सिद्धान्ताचा एक कोपरा ढासळला होता.

१९२१ मध्ये स्वायत्त, म्हणजे आपल्या इच्छेविना चालणाऱ्या, चेतासंस्थेची जी मांडणी छापून आली, तिच्यात तीन भाग होते: अनुकंपी (शरीराला धावपळीसाठी सज्ज करणारी), परानुकंपी (विश्रांती आणि पचन सांभाळणारी, व्हेगस हिच्यातलाच) आणि आतड्यांची स्वतःची. तिसरा भाग वेगळा धरण्यामागे साधा हिशेब होता. आतड्यांतल्या चेतापेशी कोट्यवधी, आणि व्हेगसमधून खाली येणारे धागे त्या मानाने मूठभर. एवढ्या धाग्यांनी एवढ्या पेशींना एकेक करून हुकूम देणे शक्यच नाही. ही मांडणी बरोबर होती, असे आज म्हणता येते. पण पुढची कित्येक दशके पाठ्यपुस्तकांनी पहिले दोन भाग ठेवले आणि तिसऱ्याची रवानगी परानुकंपी संस्थेच्या तळटिपेत केली. आतड्यांतल्या पेशी म्हणजे व्हेगसचा निरोप पुढे ढकलणारी ठाणी, एवढेच विद्यार्थी शिकत राहिले. व्हेगोटॉमीचा, म्हणजे व्हेगस कापण्याच्या शस्त्रक्रियेचा, जन्म या समजुतीत झाला.

तर्क असा होता. ड्युओडेनमला, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला, अल्सर झालेल्या अनेकांच्या जठरात रात्री उपाशीपोटीही भरपूर आम्ल जमते. अन्न नसताना आम्ल येते, म्हणजे ते मेंदू मागवतो. मेंदूचा रस्ता व्हेगस, तेव्हा तो कापावा. १९४३ च्या जानेवारीत शिकागोमध्ये एका सर्जनने हे केले. तसे प्रयत्न फ्रान्समध्ये १९२० च्या दशकातही झाले होते, पण पद्धत म्हणून ती रुजली शिकागोनंतर. काळही अनुकूल होता. अल्सर हा मनस्तापाचा, चिंतेचा आजार मानला जात होता, आणि चिंतेचा मार्गच तोडायचा ही कल्पना रुग्णांनाही पटत असे.

या सर्जनांना आज वेड्यात काढणे सोपे आहे. तेव्हाचा पर्याय होता जठराचा दोन-तृतीयांश किंवा त्याहून मोठा भाग काढून टाकण्याचा. त्यात माणसे टेबलावर दगावत आणि वाचलेली पुढे खंगत. त्या तुलनेत व्हेगोटॉमी सौम्य होती, आणि ती लागूही पडत होती. आम्ल घटे, दुखणे थांबे, अल्सर भरून येई. मज्जातंतू पुरता कापला गेला की नाही हे तपासायची युक्तीही हुशारीची होती. रुग्णाला इन्सुलिन टोचून रक्तातली साखर उतरवायची. साखर उतरली की मेंदू व्हेगसमार्फत जठराला आम्ल सोडायला लावतो. आम्ल आलेच नाही तर शस्त्रक्रिया पूर्ण, आले तर एखादा धागा शाबूत आहे असे समजायचे.

अडचणी लवकरच दिसू लागल्या. सुरुवातीला छातीतून केलेल्या या शस्त्रक्रियेनंतर अनेकांचे जठर रिकामेच होईना. अन्न तासन् तास पडून राही, आंबे, उलटी होई. म्हणून पोट उघडून व्हेगस कापताना जठराची खालची वाट रुंद करायची किंवा जठर थेट पुढच्या आतड्याला जोडायचे, अशी जोड द्यावी लागली. मग उलटी तक्रार आली. घट्ट, साखरयुक्त अन्न भसकन आतड्यात उतरे, त्यामागे शरीरातले पाणी आतड्यात ओढले जाई, आणि जेवणानंतर घाम, धडधड, चक्कर असा प्रकार होई. काहींना जुलाब जडले. कारण सरळ होते: तो मज्जातंतू एकट्या जठराचा नव्हताच. पित्ताशय, स्वादुपिंड, लहान आतडे आणि मोठ्या आतड्याचा बराच भाग त्याच्याच शाखांवर होता.

सर्जनांची दोन टोके पडली. एका गटाने व्हेगोटॉमीबरोबर जठराचा खालचा तुकडाही काढायला सुरुवात केली. त्यात अल्सर परतण्याचे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आले, पण पुढचे त्रास वाढले. दुसऱ्या गटाने कमीत कमी कापायचे ठरवले आणि १९७० च्या सुमारास अतिनिवडक व्हेगोटॉमी आणली: आम्ल बनवणाऱ्या भागाकडे जाणाऱ्या बारीक शाखा तेवढ्या तोडायच्या, जठर रिकामे करणारी शाखा राखायची. त्रास जवळपास नाही, पण अल्सर परतण्याचे प्रमाण जास्त, आणि सर्जनच्या हातावर फार अवलंबून. ब्रिटनमध्ये रुग्णांना चिठ्ठी पद्धतीने वाटून वेगवेगळ्या शस्त्रक्रियांची तुलना झाली. एकही पद्धत ठळकपणे सरस ठरली नाही.

या सगळ्या वादात एक प्रश्न कोणी फारसा विचारला नाही, आणि माझ्या मते तोच विचारायला हवा होता. मांजराच्या व्हेगसमधले बहुसंख्य धागे मेंदूकडे बातमी नेणारे आहेत, हुकूम आणणारे नाहीत, हे १९३७ मध्येच मोजून प्रसिद्ध झाले होते. पोटातल्या भागात हे प्रमाण ऐंशी टक्के किंवा त्याहूनही जास्त भरते. म्हणजे आम्ल थांबवण्यासाठी सर्जन जो मज्जातंतू कापत होते, त्यातला हुकमाचा हिस्सा थोडाच होता. बाकीच्या धाग्यांचे काय झाले, याची नोंद रुग्णांच्या कागदांवर नाही. जठर रिकामे झाले का, आम्ल किती, अल्सर परतला का, एवढेच रकाने होते.

वाद मिटला तो बाहेरून. १९७६ मध्ये सिमेटिडीन बाजारात आले. आम्ल बनवणाऱ्या पेशीला चेतवणाऱ्या हिस्टामिन या रसायनाचा मार्ग एका गोळीने बंद झाला, आणि ऑपरेशन थिएटरच्या याद्या झपाट्याने आटल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ओमेप्राझोल हे आम्ल रोखणारे आणखी एक औषध आले. दरम्यान १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात जठरातला वळणदार जीवाणू वाढवण्यात यश आले. बहुतेक अल्सरच्या मागे तो आहे हे पटायला वैद्यकाला दहा-बारा वर्षे लागली, नोबेल २००५ मध्ये मिळाले. चिंतेचा आजार आठवड्या-दोन आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी बरा होऊ लागला. मेंदू-पोट संबंधाची चर्चा त्या काळात जरा बदनामच झाली, आणि ते समजण्यासारखे आहे.

आतड्यांतल्या जाळ्यांचे शास्त्र मात्र वेगळ्या वाटेने पुढे गेले होते. सेरोटोनिन हे पेशींमध्ये निरोप नेणारे रसायन, आणि शरीरातले सुमारे ९५ टक्के सेरोटोनिन पचनमार्गात असते. अस्तरातल्या पेशींवर दाब आला की त्या ते सोडतात आणि हालचालीची प्रतिक्षिप्त क्रिया सुरू होते, हे १९५० च्या दशकात कळले. त्याच सुमारास लहान मुलांतल्या एका जन्मजात आजाराचा उलगडा झाला. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसतात, तेवढा भाग आवळलेला राहतो आणि मल पुढे सरकत नाही. मेंदू ठणठणीत, मणका ठणठणीत, तरी मूल जिवाच्या संकटात. भिंतीतल्या पेशी नुसती निरोपाची ठाणी नाहीत, याचा याहून मोठा दाखला नाही. १९२१ ची त्रिभागी मांडणी यथावकाश पाठ्यपुस्तकांत परतली.

गेल्या वीस वर्षांत कापलेला व्हेगस पुन्हा उपयोगी पडला आहे, आता प्रयोगाचे साधन म्हणून. २०११ मध्ये उंदरांना विशिष्ट जीवाणू खाऊ घातल्यावर त्यांचे भित्रे वागणे कमी झाले, आणि व्हेगस कापलेल्या उंदरांत हा परिणाम दिसला नाही. २०१८ मध्ये आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी व्हेगसच्या धाग्यांशी थेट जोडलेल्या असून साखरेची बातमी संप्रेरकांची वाट न पाहता क्षणार्धात वर पोचवतात, हे उंदरांतच दिसले. यावरून जीवाणू असलेल्या दही-गोळ्यांच्या जाहिराती माणसांच्या मनःस्वास्थ्याबद्दल जे दावे करतात, ते या प्रयोगांच्या फार पुढे गेलेले आहेत.

माणसांतला पुरावा आला तो पार्किन्सन या मेंदूच्या आजाराच्या निमित्ताने. २००३ मध्ये अशी कल्पना मांडली गेली की या आजारात मेंदूत साचणारे प्रथिन काही जणांत आतड्यात सुरू होऊन व्हेगसवाटे वर चढत असावे. तपासायचे कसे? डेन्मार्क आणि स्वीडनच्या आरोग्य नोंदींत जुने अल्सरचे रुग्ण होते. २०१५ च्या डॅनिश अभ्यासात, व्हेगसचे मुख्य खोडच कापलेल्यांमध्ये वीस वर्षांनंतर पार्किन्सनचा धोका कमी आढळला, अतिनिवडक शस्त्रक्रिया झालेल्यांत नाही. त्याच देशाच्या नोंदी पुन्हा तपासणाऱ्या दुसऱ्या गटाला मात्र ठोस फरक दिसला नाही. २०१७ च्या स्वीडिश आकडेवारीतही सरसकट सर्व रुग्णांत फरक नव्हता. खोड कापलेल्यांत, किमान पाच वर्षे उलटल्यावर, तो दिसला. एके काळी कापण्याच्या अचूकतेवरून भांडलेल्या दोन गटांचे रुग्ण आता एकमेकांच्या तुलनेला उपयोगी पडले. पण हे सारे रुग्ण म्हातारे आहेत, बरेच हयात नाहीत, आणि अल्सरसाठी खोड कापण्याची वेळ आता क्वचितच येते. त्यामुळे अशा नोंदींत नव्याने फारशी भर पडणार नाही, आणि पुढची उत्तरे उंदरांत आणि आतड्याच्या बायॉप्सीत शोधली जात आहेत.