कॉक बंद केला तरी पाणी येतंच राहतं तेव्हा

बाथरूमचा नळ नीट बंद होत नव्हता म्हणून जरा जोर लावून पिळला आणि आख्खा नळच हातात आला. आटे तुटून भिंतीत राहिले आणि त्या अर्धा इंची भोकातून पाणी थेट समोरच्या भिंतीवर. मी अंगठा दाबून धरला आणि दादाला ओरडून सांगितलं, वर जा, टाकीचा कॉक बंद कर. टाकीतून तीन पाईप निघालेत, तीन कॉक, कशावर काही लिहिलेलं नाही. त्याने पहिला बंद केला आणि वरून विचारलं "थांबलं का रे?", मी अंगठा जरासा उचलला, पाणी सप्पकन तोंडावर, मी म्हटलं "नाही!". मग त्याने तो परत उघडला आणि दुसरा बंद केला, मग तो उघडून तिसरा, आणि प्रत्येक वेळी माझं उत्तर तेच. पंधरा मिनिटं हा खेळ चालला. शेवटी कळलं की पहिलाच कॉक बरोबर होता!

झालं काय होतं ते नंतर डोक्यात आलं. कॉक वर, नळ खाली, मधे पंचवीसेक मीटर एक इंची पाईप. अशा पाईपमधे मीटरमागे साधारण अर्धा लिटर पाणी मावतं, म्हणजे बारा लिटर, जवळजवळ एक बादली. वरून बंद केलं तरी ही बादली पाईपमधे आहेच, ती खाली यायलाच हवी, आणि मी शहाणा अंगठा दाबून बसल्यामुळे ती बाहेर पडतच नव्हती. म्हणून अंगठा उचलला की पाणी पहिल्यासारखंच जोरात. तेव्हा कॉक बंद केल्यावर एक बादलीभर पाणी जाऊ द्या, अर्धा-पाऊण मिनिट थांबा. धार बारीक होत गेली तर कॉक बरोबर आहे. बादली भरून वाहिली तरी धार तशीच जोरात असेल तर मग एकतर कॉक चुकलाय नाहीतर आतून नीट बसत नाहीये.

बरं, अंगठ्याने पाणी अडतं कसं हेही मजेशीर आहे. पाण्याचा दाब ठरतो तो टाकी किती उंचावर आहे यावर, टाकी केवढी मोठी आहे याचा त्याच्याशी काही संबंध नाही. दहा मीटर उंची म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो. टाकी सहा मीटर वर असेल तर ०.६ किलो, आणि अर्धा इंची तोंडाचं क्षेत्रफळ पावणेदोन चौरस सेंटीमीटर, म्हणजे सगळा मिळून जोर एक किलोच्या आसपास. एवढं कुणीही धरून ठेवू शकतं. सुरुवातीला जड जातं कारण तेव्हा पाणी नुसतं दाबत नसतं तर पळत येऊन आदळत असतं, आणि पाईपमधलं घर्षण सोडलं तर कागदावर तो धक्का दुप्पट निघतो. एकदा बोट घट्ट बसलं की पाणी थांबतं आणि जोर निम्म्यावर येतो. म्हणून घरात दुसरं कोणी असेल तर एकाने तोंड धरायचं, दुसऱ्याने कॉककडे पळायचं. एकटे असाल तर मात्र धरत बसू नका, भिजत सोडा आणि सरळ पळा.

कारण वेळ खरंच थोडा असतो. सतराव्या शतकात तोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने दाखवलं की भोकातून निघणाऱ्या पाण्याचा वेग हा तेवढ्या उंचीवरून पडणाऱ्या वस्तूइतका असतो. सहा मीटरला हिशोब केला तर सेकंदाला जवळपास ११ मीटर. प्रत्यक्षात पाईप, एल्बो, वळणं यात बराच जोर मरतो, तरी तुटलेल्या अर्धा इंची तोंडातून सेकंदाला अर्धा लिटर सहज येतं असं धरू. दहा चौरस मीटरच्या खोलीत सेंटीमीटरभर पाणी साठायला १०० लिटर लागतात, म्हणजे सव्वातीन मिनिटं. हजार लिटरची टाकी अर्ध्या तासात रिकामी. आणि बारीक गळतीला हसू नका, दहा मीटर दाबाखाली १ मिलिमीटरचं छिद्र तासाला चोवीस-पंचवीस लिटर घालवतं, दिवसाला सहाशेच्या घरात, तेही कसलाही आवाज न करता.

आता कॉक. दोन प्रकार जास्त दिसतात. एक दांडीचा बॉल व्हॉल्व्ह, आत आरपार भोक पाडलेला गोळा असतो, दांडी पाईपच्या रेषेत असेल तर चालू, आडवी असेल तर बंद, पाव फेऱ्यात काम होतं आणि लांबूनही कळतं. दुसरा गोल चाकाचा गेट व्हॉल्व्ह, त्यात पितळेची पाचर स्क्रूवरून खाली उतरते, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बरेच फेरे मारावे लागतात, आणि बाहेरून बघून बंद आहे की चालू ते अजिबात समजत नाही. मला विचाराल तर हा दुसरा प्रकार घरात नकोच, पण जुन्या घरांत तोच असतो.

गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं कोणी हात लावला नाही की जाम होतो, कारण पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट आट्यांवर दगडासारखा बसतो. शिवाय काही पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू विरघळून जातं आणि मागे उरतं ते तांबूस, भुसभुशीत तांबं, दिसायला धड पण पिळलं की मोडणारं. म्हणून जाम कॉकला भलामोठा पाना लावून झटका द्यायचा नाही, आतली दांडी तुटली तर मग बसा बोंबलत. थोडं उघडायच्या बाजूला, थोडं बंद करायच्या बाजूला असं हलवत हलवत सोडवायचं. दांडीच्या बुडाशी पाणी झिरपायला लागलं तर तिथला नट अगदी किंचित आवळायचा. आणि फेरे संपले तरी धार राहिलीच तर बहुतेक पाचरीच्या खाचेत गाळ बसलेला असतो, दोन फेरे उघडायचं, वाहत्या पाण्याने तो धुऊन निघतो, मग परत बंद करायचं.

बॉल व्हॉल्व्ह पण खटकन बंद करू नये, विशेषतः टाकी मधे न येता लांबून थेट लाईनचं पाणी येत असेल तर. पळतं पाणी एकदम अडवलं की मागचं सगळं पाणी त्याच्यावर येऊन धडकतं आणि पाईपमधे ठण्ण आवाज होतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्कीने १८९८ मधे याचं गणित मांडलं. धातूच्या पाईपमधे सेकंदाला १ मीटर वेगाने जाणारं पाणी एका झटक्यात थांबवलं तर दाब १२ बारच्या आसपास उसळतो, म्हणजे १२० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका! प्लास्टिकच्या पाईपमधे कमी, कारण तो थोडा फुगतो. एक गळती थांबवताना दुसरा जोड उडवायचा नसेल तर तीन-चार सेकंद घेऊन दांडी फिरवा.

पाणी थांबलं की गीझरचं बटण बंद करा, आत पाणी नसताना कॉइल तापली तर जळते. पाणी सॉकेटपर्यंत पोचलं असेल तर पाण्यात उभं राहून मेन स्विचला हात लावायचा नाही, कोरड्या जागेवरून बंद करता आला तर ठीक.

मग पाईप रिकामा करायचा, आणि इथे स्ट्रॉचा खेळ आठवा. स्ट्रॉ पाण्यात बुडवून वरचं तोंड बोटाने दाबलं की पाणी आतच लटकून राहतं, बोट उचललं की पडतं. वरून हवा शिरली नाही तर पाईपमधलं पाणी पण असंच अडकतं, तुम्हाला वाटतं झालं रिकामं, प्लंबर जोडाला सोल्युशन (पाईप चिकटवायचा गोंद) लावत असतो आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावर कोणीतरी बेसिनचा नळ उघडतं की इकडे भसकन पाणी. म्हणून सगळ्यात वरचा नळ आणि सगळ्यात खालचा नळ दोन्ही उघडे ठेवायचे. टाकीच्या कॉकनंतर वर तोंड करून उभा केलेला उघडा पाईप असेल तर तो याच कामाचा आहे, हवा आत घ्यायचा, त्याला बूच मारू नका (आमच्याकडे पक्षी बसतो म्हणून मारलं होतं).

परत चालू करतानाही हळू, नळ उघडे ठेवून, आधी हवा फसफसत येईल, मग गढूळ पाणी, नळाच्या तोंडाची जाळी तेवढ्यापुरती काढून ठेवली तर बरं.

त्या प्रकारानंतर दादाने एका सुट्टीच्या दिवशी एकेक कॉक बंद करून घरातले सगळे नळ उघडून बघितले, कुठले सुकतात ते. पहिल्यावर "बाथरूम" रंगवलं, दुसऱ्यावर "किचन". तिसरा बंद केला तर घरातलं काहीच बंद होत नाही. त्याच्यावर अजून काही लिहिलेलं नाही.