निर्यात पार्सलांची जोखीम व विमा (खानदेश)

ऑनलाइन विकलेला माल परदेशी ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत हरवला, फुटला, भिजला किंवा पोचूनही त्याचे पैसे बुडाले, तर ती झळ विक्रेत्यावर एकट्यावर पडू नये यासाठीची व्यवस्था. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील छोट्या विक्रेत्यांच्या संदर्भात तिचा येथे विचार केला आहे.

पूर्वपीठिका : मालाची जोखीम मोबदला घेऊन दुसऱ्याने पत्करण्याची रीत या भागाला नवी नसावी. सतराव्या शतकात सुरत–बुऱ्हाणपूर हा व्यापारी मार्ग नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा तापीच्या खोऱ्यातून जाई. ताव्हेर्न्ये या फ्रेंच प्रवाशाने त्याचे टप्पे नोंदवले आहेत. विम्याचे मूळ मात्र वादग्रस्त आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत अरण्यातून जाणाऱ्या ऋणकोला दरमहा शेकडा १० व समुद्रावर जाणाऱ्याला शेकडा २० व्याज सांगितले आहे. काही अभ्यासक त्यात विम्याचे बीज पाहतात. परंतु ते जोखमीपोटी वाढवलेले व्याज आहे. माल बुडाल्यास देणे फिटले, असे त्या वचनात म्हटलेले नाही. त्या मानाने ‘जोखमी हुंडी’ विम्याच्या अधिक जवळची ठरते. तीत माल पाठवणाऱ्याला पैसे आधीच मिळत आणि जहाज सुखरूप पोचले तरच हुंडीची रक्कम देय होई. बुडाले तर नुकसान हुंडी घेणाऱ्याचे. खुश्कीच्या मार्गावर भाडे, जकात व जोखीम एकाच ठोक रकमेत उचलण्याचा ‘हुंडाभाडा’ होता. मोगल काळात सराफ मालाचा विमा देत, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे.

वाहकाची जबाबदारी : कुरिअरला पैसे मोजले म्हणजे विमा झाला, हा समज सर्वांत महागात पडतो. विमानाने जाणाऱ्या मालाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारतात तो २००९ पासून अमलात आहे. त्यानुसार भरपाईची कमाल मर्यादा वजनावर ठरते : २०२४ च्या अखेरीपासून किलोमागे २६ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक). दोन किलो मिरचीपुडीला एवढे पुरते. जळगावच्या पन्नास ग्रॅम सोन्याला ही मर्यादा लावली, तर हाती जवळजवळ काहीच येत नाही. म्हणून जादा मूल्य आधी घोषित करून त्याचा आकार भरावा लागतो. टपालाच्या पार्सलांना हा करार थेट लागू नाही; २०२२ पासून सुरू झालेल्या डाकघर निर्यात केंद्रांतून माल पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

विम्याची व्याप्ती : भारतात १९६३ चा सागरी विमा कायदा आधारभूत आहे. लंडनच्या विमाकंपन्यांनी ठरवलेल्या ‘अ’, ‘ब’ व ‘क’ या मालविमा कलमांपैकी ‘अ’ सर्वांत व्यापक आहे. विमा रक्कम सहसा माल, विमा व भाडे यांच्या बेरजेत आणखी १० टक्के मिळवून ठरते. तथापि ‘अ’ घेऊनही विलंब, अपुरे पॅकिंग व मालाचा अंगभूत दोष वगळलेले असतात. नंदुरबारला पथारीवर वाळत घातलेली मिरची अवकाळी पावसात भिजली, वरून कोरडी दिसली म्हणून भरली आणि वाटेत तिला बुरशी आली, तर तो दोष मालाचाच मानला जाण्याचा संभव मोठा. युरोपीय संघात मिरचीसाठी एकूण अफ्लाटॉक्सिनची (बुरशीतून तयार होणाऱ्या विषाची) मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम आहे. त्यापायी परतलेला माल नेहमीच्या विम्यात बसत नाही. रवाना करण्यापूर्वीची प्रयोगशाळा तपासणी येथे विम्याइतकीच मोलाची आहे. केळीच्या वेफर्सचा चुरा झाला तर वाद बहुधा खोक्यावर येऊन थांबतो. म्हणून पॅकिंगचे फोटो काढून ठेवावेत.

पैसे बुडणे : ही वेगळी जोखीम आहे. परदेशी खरेदीदाराच्या दिवाळखोरीसाठी १९५७ मध्ये स्थापन झालेली, आज ईसीजीसी या नावाने ओळखली जाणारी सरकारी कंपनी संरक्षण देते. कार्डाने पैसे देऊन ‘माल मिळाला नाही’ अशी तक्रार करणाऱ्या किरकोळ ग्राहकाविरुद्ध मात्र सहीची पोचपावती व ट्रॅकिंग हाच पुरावा.

दावा : हवाई माल खराब आढळल्यास तो ताब्यात घेतल्यापासून १४ दिवसांत, उशीर झाल्यास २१ दिवसांत वाहकाकडे लेखी तक्रार व्हावी लागते. ती परदेशातल्या ग्राहकाकडून वेळेत करवून घेणे, हे विक्रेत्याचे खरे अवघड काम होय.