डोक्यातल्या भुंग्याकडे नुसतं बघायचं, हे आलं कुठून?

रात्री अडीचला जाग येते आणि दुपारचं बोलणं परत सुरू होतं, तो असं म्हणाला, मी असं म्हणायला पाहिजे होतं, उद्या तो अजून काय म्हणेल, आणि हे गुऱ्हाळ पार पहाटेपर्यंत. सकाळी कोणाला सांगितलं की उत्तर ठरलेलं, "अगं, डोक्यातून काढून टाक." आईनं सांगितलं, बहिणीनं सांगितलं, सगळ्यांनी प्रेमानंच सांगितलं आणि मी कितीतरी वर्षं तेच करायला जाऊन दमले. मग काउन्सेलरकडे गेले तर त्या म्हणाल्या, काढू नका हो, तो विचार आलाय एवढंच बघा. मला तेव्हा काहीच कळलं नाही, पण हे नक्की आलं कुठून ते शोधायला लागले आणि जे सापडलं ते इतकं लांबचं आणि इतकं घराजवळचं होतं की लिहावंसं वाटलं.

आधी "काढून टाक" बद्दल, कारण हा फक्त घरगुती सल्ला नाहीये, एकेकाळी ही डॉक्टरी ट्रीटमेंटच होती. १९५० च्या दशकात जोसेफ वोल्पे नावाच्या सायकिॲट्रिस्टनी ही पद्धत चांगली रुजवली, पेशंटनं नकोसा विचार मुद्दाम मनात आणायचा आणि थेरपिस्ट एकदम जोरात ओरडणार "स्टॉप!", मग हळूहळू पेशंटनं स्वतःच मनातल्या मनात ओरडायचं. पुढं मनगटाला रबरबँड लावून विचार आला की चटका द्यायचा, असंही आलं. १९८७ मध्ये अमेरिकेत डॅनियल वेग्नर यांनी एक साधा प्रयोग छापला, विद्यार्थ्यांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आलाच तर बेल वाजवा. बेल वाजतच राहिली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नंतर "आता खुशाल करा विचार" म्हटल्यावर, ज्यांनी आधी दाबून धरला होता त्यांच्या डोक्यात अस्वल जास्त वेळा आलं, ज्यांना पहिल्यापासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षा जास्त.

बरं दाबायचा नाही तर मग चघळत बसायचा का, तर तेही नाही. स्टॅनफर्डला सुझन नोलेन-होक्सेमा यांनी विद्यार्थ्यांकडून एक फॉर्म भरून घेतला होता, मन उदास झालं की तुम्ही काय करता वगैरे, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ ला, सॅन फ्रान्सिस्को भागात मोठा भूकंप झाला. तिनं परत त्याच मुलांना गाठलं. आधीपासून ज्यांना तेच ते उगाळायची सवय होती त्यांच्यात सात आठवड्यांनीसुद्धा उदासी जास्त दिसली. या सवयीला इंग्रजीत रुमिनेशन म्हणतात, म्हणजे शब्दशः रवंथ, फरक एवढाच की गाईचं रवंथ करून पचतं तरी.

म्हणजे दाबून जात नाही आणि चघळून वाढतं. तिसरा रस्ता मात्र फार जुना आहे. मुंडक उपनिषदात एका झाडावर दोन पक्षी आहेत, एक फळ खातो आणि दुसरा नुसता बघतो, आपल्याकडे कीर्तनात "साक्षी" हा शब्द येतो तो याच घरातला. पण मला सगळ्यात जास्त भिडलं ते पाली भाषेतलं वितक्कसण्ठान सुत्त, म्हणजे बुद्धाचं एक प्रवचन, कारण ते एकदम प्रॅक्टिकल आहे, त्यात बुद्धानं नको त्या विचारांवर पाच उपाय ओळीनं सांगितलेत. सुतार जसा बारीक खुंटीनं मोठी खुंटी ठोकून बाहेर काढतो तसा एक विचार दुसऱ्यानं काढायचा, नाही जमलं तर त्यातला धोका बघायचा, नाही तर लक्षच द्यायचं नाही. चौथा उपाय असा की एक माणूस भरभर चाललाय, त्याच्या मनात येतं मी एवढा भरभर का चाललोय, हळू चालू का, मग हळू चालतो, मग वाटतं उभा राहू का, मग बसतो, मग आडवा होतो. बस्स, स्वतःला विचारलेला एक प्रश्न आणि वेग उतरत जातो. आणि दात आवळून मनानं मन दाबायचं, म्हणजे आपलं "काढून टाक", हेही तिथं आहे, पण पाचव्या नंबरला, बाकीचं काहीच चाललं नाही तर.

हे मनाकडे नुसतं बघायचं ध्यान, म्हणजे विपश्यना, जास्त करून भिक्खूंपुरतं राहिलं होतं. ते घराघरात यायला कारण झालं ब्रह्मदेशातलं राजकारण. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजा गेला, धर्माचा आधार गेला, आणि लेडी सयाडो या भिक्खूंना वाटलं की आता हे टिकवायचं तर साध्या माणसांच्या हातात द्यायला हवं. त्यांच्याकडून ते सया थेटजी या शेतकऱ्याकडे आलं आणि त्यांच्याकडून ऊ बा खिन यांच्याकडे, जे १९४८ मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल झाले. सरकारी हिशेबाच्या ऑफिसातला माणूस ध्यान शिकवतोय, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. त्यांच्याकडे १९५५ मध्ये आले सत्यनारायण गोएंका, मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी, मायग्रेन इतका भयंकर की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यायला लागायची. ऊ बा खिन यांनी आधी त्यांना नाहीच म्हटलं, डोकेदुखी बरी करायला येणार असाल तर येऊ नका, मन स्वच्छ करायला या.

गोएंका १९६९ मध्ये भारतात आले, पहिलं शिबिर मुंबईतच झालं, मोजकी माणसं आणि त्यात त्यांचे आईवडील, आणि १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी हे ध्यानकेंद्र सुरू झालं. कसाऱ्याचा घाट चढून गेलं की आलंच. तिथं शिकवतात ते असं, पहिले तीनेक दिवस फक्त श्वास बघायचा आणि मग अंगावरच्या संवेदना, कारण नकोसा विचार आला की छातीत, पोटात, जबड्यात कुठंतरी काहीतरी होतंच, त्या विचाराशी भांडण्यापेक्षा तिथं बघायचं. मी दहा दिवस केलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझा राग खांद्यात असतो.

आता गंमत बघा. १९७१ च्या सुमाराला गोएंकांच्या बोधगयेच्या शिबिरांना जोसेफ गोल्डस्टीन, शॅरन सॉल्झबर्ग अशी तरुण अमेरिकन मुलं होती, त्यांनी परत जाऊन मॅसॅच्युसेट्समध्ये बॅरी या गावात ध्यानकेंद्र काढलं. तिथल्याच एका शिबिरात १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन या मॉलेक्युलर बायॉलॉजी शिकलेल्या माणसाला सुचलं की हे हॉस्पिटलमध्ये न्यावं, आणि जवळच वूस्टरला, जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी, धर्माचे शब्द बाजूला ठेवून काही आठवड्यांचा कोर्स सुरू झाला. हेच ते माइंडफुलनेस.

दुसरीकडे ॲल्बर्ट एलिस हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९५५ पासून सांगत होते की घटना नाही, घटनेबद्दलचं आपलं मत त्रास देतं, हे त्यांनी एपिक्टेटस या जुन्या ग्रीक विचारवंताकडून घेतलं, आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी तेच विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून रुजवलं. याच्याच जवळच्या कॉग्निटिव्ह थेरपीतले, म्हणजे विचार तपासून बदलायच्या उपचारातले तिघं, टीसडेल, सीगल आणि विल्यम्स, १९९० च्या दशकात डिप्रेशन परत परत का येतं हे शोधताना अशा मतावर आले की विचार खोटा ठरवण्यापेक्षा "हा फक्त विचार आहे" हे दिसणं जास्त कामाचं असावं. ते वूस्टरला जाऊन कबाट-झिन यांना भेटले, त्यांच्या कोर्सवरून डिप्रेशनसाठी वेगळा कोर्स बेतला, आणि २००० मध्ये त्यावर १४५ लोकांचा अभ्यास आला. ज्यांना तीन किंवा जास्त वेळा डिप्रेशन येऊन गेलं होतं त्यांच्यात साधारण वर्षभरात ते परत येण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारांवर ६६ टक्के आणि या कोर्सनंतर ३७ टक्के. ज्यांना दोनदाच येऊन गेलं होतं त्यांना मात्र फायदा दिसला नाही, आणि हे सांगायलाच हवं, कारण हल्ली ॲपवाले प्रत्येक दुखण्यावर हेच विकतात. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या शाळांत हजारो मुलांवर केलेला मोठा अभ्यास छापून आला त्यातही सरसकट शिकवून काही फायदा दिसला नाही. काहींना तर डोळे मिटून बसलं की जुना आघात वर येतो, अशांनी एकट्यानं करूच नये, शेजारी जाणकार माणूस हवा.

माझ्या काउन्सेलरनी मला वहीत "मी नालायक आहे" च्या आधी "माझ्या मनात असा विचार आलाय की" एवढं जोडायला लावलं होतं. परवा रात्री अडीचला परत जाग आली, परत तेच बोलणं, मी ते जोडलं, खांदे बघितले, मग तो भरभर चालणारा माणूस आठवला. साडेतीनपर्यंत जागीच होते, पण हळू चालत होते.