श्वास घ्या, श्वास सोडा, आता कुंथा

डाव्या बाजूला जिथे हृदयाचा ठोका हाताला लागतो, तिथे स्टेथोस्कोप ठेवल्यावर प्रत्येक ठोक्याबरोबर ‘फूऽस’ असा लांबट आवाज आला, की पहिला संशय मायट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेवर जातो: ती नीट मिटत नसावी, रक्त मागे फिरत असावं. बहुतेकदा संशय खरा ठरतो. पण घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या र्‍हुमॅटिक तापामुळे हीच झडप वर्षानुवर्षं आक्रसलेली असेल, तर मामला फसवा होतो. तिच्यामागे तुंबलेल्या रक्ताचा दाब फुप्फुसांतून उलटा उजव्या खालच्या कप्प्यापर्यंत पोचतो. तो कप्पा फुगतो, पसरत पसरत ठोक्याच्या जागेवर येऊन बसतो आणि त्याच्या दाराची ट्रायकस्पिड झडप ताणली जाऊन गळू लागते. आवाज मायट्रलच्या जागी, गळती मात्र ट्रायकस्पिडची! आपल्याकडे र्‍हुमॅटिक हृदयविकार अजून संपलेला नाही, त्यामुळे ही फसगत जुन्या काळातली म्हणून सोडून देता येत नाही.

तिच्यावरची तोड मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय हृदयरोग संस्थेतले डॉ. होसे मानुएल रिव्हेरो कार्व्हालो यांनी १९४६ मध्ये मांडली. रुग्णाला खोल श्वास घ्यायला लावा. आवाज वाढला तर गळती ट्रायकस्पिडची. तेवढाच राहिला किंवा कमी झाला तर मायट्रलची. आपल्या मेडिकल कॉलेजांतले विद्यार्थी आजही परीक्षेत ‘कार्व्हालो साइन’ लिहितात.

हे का होतं? मुळात मर्मर म्हणजे झडपेपाशी रक्ताचा प्रवाह खळाळल्याचा आवाज. नळाच्या तोंडावर बोट धरलं की पाणी फुसफुसतं, तसंच काहीसं. पाणी जास्त सोडलं तर आवाज वाढेल, कमी सोडलं तर घटेल. श्वास आत घेताना पडदा, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायू, खाली सरकतो. छातीतला दाब घटतो, पोटातला वाढतो आणि शिरांमधलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडे जास्त ओढलं जातं. त्याच वेळी फुगलेल्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत थोडं रक्त अडकून राहतं, म्हणून डाव्या बाजूला काही ठोके रक्त कमी येतं. एका श्वासात उजवी बाजू भरते आणि डावी किंचित ओसरते. नुसती जागा बघून जे कळलं नाही, ते दोन्ही बाजूंना वेगवेगळं वागायला लावून कळतं. मला तरी तपासणीतली ही सगळ्यात देखणी युक्ती वाटते.

युक्ती सोपी, करवून घेणं तितकं नाही. ‘मोठा श्वास घ्या’ म्हटलं की बरेच जण श्वास घेऊन तो कोंडून बसतात. कोंडला की छातीतला दाब उलट वाढतो आणि परिणामही उलटा होतो. शिवाय हवेने भरलेली फुप्फुसं मध्ये आल्याने आवाज दबतो तो वेगळाच. म्हणून अनुभवी डॉक्टर न थांबता, संथ पण जरा खोल श्वास घेत राहायला सांगतात. आणि उजवा कप्पा पारच थकलेला असेल, तर जास्त रक्त आलं तरी तो जास्त जोर लावू शकत नाही. मग ट्रायकस्पिड गळत असूनही आवाज वाढत नाही.

दुसरी युक्ती कुंथण्याची. बोलोन्याचा शरीररचनाशास्त्रज्ञ अंतोनियो व्हाल्साल्व्हा याने १७०४ मध्ये ती कानाच्या संदर्भात लिहिली होती: नाक-तोंड बंद करून जोर केला की मधल्या कानात हवा शिरते. हृदयाच्या तपासणीत रुग्णाला दहा-पंधरा सेकंद शौचाला बसल्यासारखा जोर करायला सांगतात. छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे येणारं रक्त घटतं आणि बहुतेक सगळे मर्मर मंदावतात. जोर सोडला की उजव्या बाजूचे दोन-तीन ठोक्यांत पूर्ववत होतात, डाव्या बाजूचे उशिरा, कारण रक्ताला आधी फुप्फुसं पार करावी लागतात.

खरी मौज अपवादात आहे. हृदयाचा स्नायू जन्मजात दोषामुळे जाड होतो, त्या हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीत कुंथल्यावर आवाज वाढतो. तिथे रक्ताच्या वाटेतला अडथळा झडपेच्या तोंडाशी कायमचा बसलेला नसतो; दोन खालच्या कप्प्यांमधली जाड झालेली भिंत आणि मायट्रल झडपेची पाकळी एकमेकांजवळ आली की तयार होतो. डाव्या कप्प्यात रक्त कमी असलं की दोघं आणखी जवळ येतात आणि वाट अरुंद होते. खेळताना अचानक कोसळणाऱ्या तरुणांमध्ये कधी कधी हाच आजार सापडतो, त्यामुळे या उलट्या वागण्याला मोल आहे.

मोल आहे, पण हमी नाही. १९८८ मध्ये अमेरिकेत ५० रुग्णांवर अशा युक्त्या तपासल्या गेल्या. उजव्या बाजूचा एकही मर्मर श्वासाच्या चाचणीतून निसटला नाही. कुंथण्याची चाचणी या स्नायूच्या आजारात मात्र १०० पैकी ६५ वेळाच लागू पडली. उकिडवं बसवून उभं करणं (त्यानेही हृदयाकडे येणारं रक्त घटतं) ९५ वेळा. पण कुंथल्यावर आवाज वाढलाच, तर ती खूण क्वचितच खोटी निघाली. आओर्टिक झडप, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त जातं त्या दाराची झडप, आक्रसल्याचं निदान मात्र कोणत्याच एका युक्तीने झालं नाही. बाकीचं वगळत वगळतच तिथे पोचावं लागलं.

आओर्टिक झडप गळत असेल तर रुग्णाला पुढे वाकून, श्वास पूर्ण सोडून थांबायला सांगतात. यात रक्ताचा हिशेब फारसा नाही. फुप्फुसं बाजूला होऊन हृदय छातीच्या भिंतीजवळ येतं, आणि तो बारीक, उतरता आवाज एरवी सहज निसटतो.

घरी हे करून पाहू नये. आक्रसलेली आओर्टिक झडप किंवा नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका असेल, तर जोराने कुंथणं धोक्याचं ठरू शकतं. अशा रुग्णांना बद्धकोष्ठाचं औषध देतात तेही याचसाठी.

एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आल्यावर हे सगळं कालबाह्य झालं, असं म्हणणारे भेटतात. पण स्नायू जाड असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणांत निवांत पडलेलं असताना लक्षणीय अडथळा दिसतच नाही, श्रम केल्यावर दिसतो. म्हणून एकोच्या टेबलावरही प्रोब छातीवर ठेवून रुग्णाला कुंथायला सांगतात, आणि त्यातही काही दिसलं नाही, तर ट्रेडमिलवर चालवतात.