ड्रोन रिमोटला फोन जोडणे

ड्रोनच्या रिमोटला केबलने मोबाइल जोडून कॅमेऱ्याचे चित्र, नकाशा आणि सेटिंग फोनच्या स्क्रीनवर घेण्याची पद्धत. ज्या रिमोटला चित्र दाखवणारी स्वतःची स्क्रीन नाही त्यालाच ही जोडणी लागते. स्वस्त वाय-फाय ड्रोनला केबल लागत नाही.

उडवण्याची आज्ञा केबलमधून जात नाही. ती रिमोटवरच्या स्टिकवरून, म्हणजे दिशा देणाऱ्या दांड्यांवरून, रेडिओलहरींनी थेट ड्रोनला पोचते. म्हणून कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर प्री-वेडिंगचे शूट चालू असताना केबल निसटली तर चित्र जाते, ताबा जात नाही. अशा वेळी स्टिक सोडाव्यात, जीपीएस पक्के असेल तर ड्रोन जागीच थांबतो, आणि मग केबल पुन्हा लावावी. ड्रोन नजरेआड असेल तर रिटर्न-टू-होमचे, म्हणजे ड्रोनला उड्डाणाच्या जागी परत आणणारे, बटण दाबून धरावे. केबल शोधण्याच्या घाईत नकळत स्टिक हलणे हाच खरा धोका.

डीजेआय या ड्रोन कंपनीचा आरसी-एन१ हा रिमोट 2020 साली मॅव्हिक एअर 2 या ड्रोनसोबत आला. त्याची केबल फोन धरणाऱ्या क्लॅम्पमध्येच ठेवलेली असते. टाइप-सी, लाइटनिंग आणि मायक्रो-यूएसबी अशा टोकांच्या केबली मिळतात; आयफोन 15 पासून पुढे टाइप-सी लागते. केबलच्या टोकांवर चिन्हे असतात. रिमोटचे चिन्ह असलेले टोक रिमोटमध्ये, फोनचे फोनमध्ये. रिमोटच्या तळाचे टाइप-सी पोर्ट चार्जिंगसाठी आणि संगणकासाठी आहे. नवशिके फोन तिथे जोडतात आणि चित्र येत नाही म्हणून केबलला दोष देतात. जुन्या मॅव्हिक प्रोच्या रिमोटला बाजूला मायक्रो-यूएसबी आणि खाली मोठे यूएसबी पोर्ट असते. दोन्ही एकाच वेळी वापरू नयेत.

आधी केबल लावावी, मग रिमोट चालू करावा: पॉवरचे बटण एकदा दाबून सोडावे, लगेच पुन्हा दाबून धरावे. फोन अनलॉक ठेवावा. यूएसबी वापरण्याची परवानगी विचारली की होकार द्यावा आणि डीजेआय फ्लाय हे ड्रोनचे अॅप उघडावे. अँड्रॉइडवर हे अॅप प्ले स्टोअरऐवजी कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावे लागते.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात केबल घेताना ‘चार्जिंगची’ न मागता ‘डेटा केबल’ मागावी. फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या दोन तारा नसतात, त्यामुळे फोन चार्ज होतो पण अॅपला रिमोट दिसत नाही. घेण्याआधी त्याच केबलने संगणकावर एखादा फोटो पाठवून पाहावा. तेवढ्यानेही खात्री पटतेच असे नाही. टाइप-सी ते टाइप-सी केबलमध्ये कोणी यजमान (होस्ट), म्हणजे जोडणी चालवणारे उपकरण, व्हायचे हे दोन्ही उपकरणे आपसांत ठरवतात, आणि फोनच यजमान झाला तर जोडणी अडते. रिमोटसोबत आलेली केबल म्हणूनच जपून ठेवावी. लग्नसराईत तशीच एक जादा केबल बॅगेत असलीच पाहिजे.

केबल बरोबर असूनही अॅप उघडत नसेल तर फोनमध्ये डीजेआयचे दुसरे अॅप आहे का पाहावे. परवानगी विचारताना ‘नेहमी’ दाबले गेले की तेच अॅप जोडणी अडवून बसते. त्याची डिफॉल्ट सेटिंग पुसावी. जाड कव्हरमुळे टोक पूर्ण बसत नाही. खिशातला कचरा पोर्टमध्ये दाबला जातो, तो फोन बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढावा. पन्हाळ्यावर पावसाळ्यात धुक्याने पोर्ट दमट होते आणि काही फोन ओलाव्याची सूचना देतात. तेव्हा पोर्ट वाळेपर्यंत केबल लावू नये. पन्हाळा संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे तिथे केबल बॅगेतून बाहेर काढण्याआधी उड्डाणाची परवानगी हातात हवी.